मधल्या दाराला तेल घालू नये

मी, खाली सही करणार, पूर्ण शुद्धीत, दोन साक्षीदारांसमोर बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी दबाव टाकण्याइतके बोलत नाही.

मी जन्मभर कारखान्यात यंत्रांना तेल घातले. कुठे काही कुरकुरले की मला बोलावत. तिथे माझे नाव गप्पकर पडले.

१. चष्मा भाच्यास. काडीचे टोक चावले की खारट लागते आणि विचार सुचतो. भाच्याला हा अनुभव नवा असेल.

२. उशी डॉक्टरांस. तिच्यात समुद्र ऐकू येतो. तो माझ्या कानात आहे असे ते म्हणतात. त्यांनी एकदा डोके ठेवून पाहावे.

३. तेलाची कुप्पी मेहुण्यास, रिकामी करून. कारण पुढच्या कलमात.

४. घर पत्नीस. अट एकच: मधल्या दाराला तेल घालू नये.

तिच्या शिवणयंत्राला मी तिला न विचारता तेल घातले. ते मुके झाले. त्या आवाजावर ती टाका सांभाळायची. काम चोख होते, हे माझे म्हणणे आजही कायम आहे. ती म्हणाली, "आता मलाही घाला तेल." तेव्हापासून ती माझ्याशी ताटामार्फत बोलते. ताटाकडे बघून म्हणते, "यांना म्हणावं, गार होतंय."

मधले दार मात्र उघडताना स्पष्ट "अहो" म्हणते. तिच्याच आवाजात, शेवटचा ओ जरा लांबवून. मी "आलो" म्हणतो.

मेहुणा म्हणाला, "दाजी, बिजागरी आहे ती. एक थेंब सोडतो, विषय संपला."

विषय संपू नये म्हणून हे मृत्युपत्र. माझ्यामागे दाराने हाक मारली तर घरातल्या कोणीतरी ओ द्यावी. ओ मिळाली नाही की हाक मारणारा हाक मारायचे सोडतो. हे मी याच घरात पाहिले आहे.

५. शिवणयंत्र तिचेच आहे, ते मी तिला देऊ शकत नाही. त्याचा आवाज द्यायची इच्छा आहे, परंतु तो

येथे आतून "अहो" ऐकू आले. मी सवयीने "आलो" म्हणालो. मग मान वर केली. दार बंद होते.

साक्षीला बसलेला न्हावी म्हणाला, "जा की. आम्ही बसलोय."

कलम ५ अर्धवटच ठेवावे.

सही: (घाईत)

साक्षीदार: कोपऱ्यावरचा न्हावी, वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई

ठिकाण: मधल्या दाराच्या अलीकडची खोली

दिनांक: साक्षीदारांनी घालावा. मला आत बोलावले आहे.