राजसी या नावाचे कोणी येथे राहत नाही

प्रति,
मा. सहायक निबंधक,
सहकारी संस्था, अंबरनाथ तालुका.

अर्जदार : सौ. मालिनी पुष्कर कारखानीस, सदनिका क्र. ३०४, शिल्पगंध सहकारी गृहनिर्माण संस्था, कात्रप, बदलापूर (पूर्व).

विषय : कॅनडातील न्यायालयाचा निकाल सोसायटीच्या सभेत हात वर करून मंजूर केल्याबद्दल, व त्या आधारे अर्जदारास घराबाहेर काढण्याचे चालवल्याबद्दल.

संदर्भ : शिल्पगंध व्यवस्थापक समितीचा ठराव क्र. ७, दि. ४ मे २०२५.

महोदय,

१. अर्जदार अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात तपासनीस आहे. पती पुष्कर सात वर्षांपूर्वी नोकरीसाठी कॅनडात गेले. काही वर्षे फोन येत असे, पुढे तोही बंद झाला. सदनिका दोघांच्या नावे असून अर्जदार तिथे नववीतल्या मुलीसह, अनुयासह, राहते.

२. दि. ५ मे रोजी कामावर निघताना आपला घटस्फोट झाल्याचे अर्जदारास लिफ्टशेजारच्या फलकावर वाचायला मिळाले. ठराव सहावा कबुतरांच्या जाळीचा, आठवा टाकी धुण्याचा. मधला सातवा असा : "मा. कॅनडा कोर्टाचा निकाल सर्वानुमते मान्य. सौ. कारखानीस यांचे नाव सभासद नोंदवहीतून कमी करण्यात येत असून त्यांनी ३१ मेपर्यंत सदनिका रिकामी करावी." खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावेही आहेत. परदेशी निकाल आपल्याकडची न्यायालयेसुद्धा तपासल्यावाचून मानत नाहीत. समितीला त्यासाठी चहा येईपर्यंतचा वेळ पुरला.

३. समितीपुढे आलेला निकाल म्हणजे पुष्कर यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल. सेक्रेटरी श्री. हेमचंद्र प्रधान यांनी तिची उल्हासनगर कॅम्प १ मधून रंगीत प्रिंट काढून आणली. रंगीत असल्यामुळे ती अस्सल ठरली.

४. त्या निकालाने ज्या बाईला घटस्फोट दिला तिचे नाव राजसी पुष्कर कारखानीस. आता राजसी कोण, ते सांगणे भाग आहे. लग्नाच्या दिवशी सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने जे नाव लिहिले, ते हे. सासूबाई हयात होत्या तोवर त्या एकट्या त्या नावाने हाक मारीत. विवाह नोंदणी, आधार, पॅन, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, सगळीकडे मालिनीच आहे. हे पुष्कर यांना पक्के ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच त्यांनी तिकडे ते नाव दिले.

५. प्रिंटचे पान अकरा कृपया स्वतः वाचावे. त्या कोर्टाने राजसीच्या नावे याच पत्त्यावर नोटीस धाडली होती. ती परत गेली. तिच्यावर शेरा आहे, "या नावाचे कोणी येथे राहत नाही", आणि खाली शिल्पगंधचा गोल शिक्का व श्री. प्रधान यांची सही. या शेऱ्यामुळे खटला एकतर्फी चालला. म्हणजे नोटीस आली तेव्हा राजसी येथे राहत नव्हती, आणि निकाल आला तेव्हा तीच राजसी ३०४ मध्ये सापडली! ज्या हाताने तिला नाही म्हटले, त्याच हाताने तिच्या नावाखाली मालिनीवर काट मारली. हे वाचून अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तो राग अद्याप शमलेला नाही.

६. जाब विचारला असता श्री. प्रधान म्हणाले, "वहिनी, आम्ही लग्नाला होतो ना, राजसी म्हणजे तुम्हीच, सगळ्यांना माहीत आहे. आणि ते कॅनडाचं कोर्ट आहे, तिकडे फालतूगिरी चालत नाय." मग नोटीस का परत केली, असे विचारताच म्हणाले, "तेव्हा रेकॉर्ड बघितला. रेकॉर्डला मालिनी आहे." एवढे बोलून ते पाण्याच्या टँकरकडे बघायला गेले.

७. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ अर्जदाराने सुटीच्या दिवशी बसून वाचले आहे. ज्याला बाजू मांडायची संधीच दिली नाही, त्याच्यावर परदेशी निकाल बंधनकारक ठरत नाही. आणि तो ठरतो की नाही, हे न्यायालयाने पाहायचे. कबुतरांची जाळी पाहणाऱ्यांनी नव्हे. पुष्कर यांना हे घर विकायचे आहे, त्यासाठी ते रिकामे हवे आहे. यात कायद्याचे बाकी काही नाही.

८. सबब, ठराव क्र. ७ तात्काळ स्थगित करून अर्जदाराचे नाव नोंदवहीत पूर्ववत घ्यावे, आणि ३१ मेपूर्वी सुनावणी ठेवावी. सुनावणीसाठी अर्जदार पाळी बदलून, बिनपगारी रजा घेऊन, सांगाल त्या वेळी येईल. एका कोर्टात तिचा संसार मोडला, एका सभेत तिचे घर गेले. "बाई, तुमचे म्हणणे काय?" एवढे तिला आजपर्यंत कुणीही विचारलेले नाही. आपण विचारावे.

नम्रता संपत आली असली तरी आपली नम्र,

(सही)
मालिनी पुष्कर कारखानीस
बदलापूर, दि. १२ मे २०२५