सरांनी धरलं की पडायचं

दि. ४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

माझ्या पंचाहत्तरीनिमित्त शिष्यमंडळी आमच्या ज्युदोच्या शाळेत सत्कार करणार आहेत. गौरव अंकही निघतोय. माझ्या कारकिर्दीवर घरच्या कुणीतरी लिहावं असं ठरलं आणि दुर्दैवाने घरात लिहिता येणारी तूच आहेस. पदकं, शिष्य, शिस्त, सगळं येऊ दे. गुडघ्यांचा उल्लेख नको. प्रात्यक्षिकात मी चौघांना आपटणार आहे.

लेकीचं तुणतुणं चालूच आहे, की शाळा आता तिच्याकडे सोपवावी. मी सांगून टाकलं, ज्या दिवशी मला गादीवर पाडशील त्या दिवशी शाळा तुझी. अजून तरी तीच पडतेय! आता रुसून परगावी नोकरी धरलीय, महिनाअखेरीस निघते म्हणे. जाईना का.

लोभ असू दे, निदान अंक छापून होईपर्यंत.

दादा

दि. ९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लेख सुरू केलाय. तुझ्या कारकिर्दीतला पहिला बळी मीच, तेव्हा अधिकार आहेच. आईची नवीकोरी गादी तू माझ्यासकट जिन्यावरून खाली फेकलीस, तिथून सुरुवात केलीय. पदकं पुढे येतील. ती खरी होती, त्यांची थट्टा करणार नाही.

पण गेल्या वर्षीचं प्रात्यक्षिक मी पहिल्या रांगेत बसून पाहिलं. काय तो दरारा! तुझा हात पोचायच्या आधीच माणसं आडवी. एक गडी तर तू नुसता शिंकलास तरी पडला. सरांनी कॉलर धरली की पडायचं, उभं राहिलं तर उद्धटपणा, ही रीत कुणी पाडली देव जाणे. तू मात्र ती मोठ्या मनाने चालवून घेतलीस. आणि त्याच गादीवर लेकीला सांगतोस, मला पाडून दाखव. वा रे न्याय! दादा, ती गेली तर शाळा बंद पडेल आणि तू घरात एकटा उरशील. मला तिची काळजी वाटते, तुझी त्याहून जास्त. हिंमत असेल तर एकदा सगळ्यांसमोर जाहीर कर, आज आदराने कुणी पडायचं नाही.

उलट टपाली शिव्या येतीलच, आशीर्वाद त्यातच गुंडाळून पाठव.

तुझी धाकटी

दि. २१ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सत्कार झाला. भाषणांतून मी किती थोर आहे ते मलाही नव्याने कळलं. तुझी जिरवायची म्हणून मी तसं जाहीर केलं आणि पहिल्या शिष्याची कॉलर धरून ओढली. हलेना. पुन्हा ओढली. शेवटी त्याने माझ्या कानाशी येऊन अत्यंत नम्रपणे विचारलं, की सर, पडू का? इतका अपमान कुठल्या प्रतिस्पर्ध्यानेही केला नव्हता.

मग लेकीला बोलावलं. ती नको नको म्हणत होती, मी हट्टाला पेटलो. पुढच्या क्षणी मी छताकडे बघत होतो. डोकं आपटू नये म्हणून तिचा तळवा माझ्या मानेखाली होता.

तिने उठवलं तेव्हा मी हळूच विचारलं, की इतकी वर्षं तीसुद्धा मुद्दामच पडत होती का. म्हणाली, लहानपणी खरीच पडायची; नंतर मी पडलो तर मला लागेल, या भीतीने पडत राहिली. धाकटे, मला रडू आलं. लोकांना वाटलं, हाड मोडलं.

तिने नोकरीला नकार कळवलाय. सोमवारपासून वर्ग तीच घेते. मला नवशिक्यांच्या रांगेत उभं केलंय. पडायचं कसं, ते मी पार विसरलोय म्हणते.

लोभ वाढव. आदर आता पुरे झाला.

दादा