बिडाच्या तव्यावरची शपथ

गंटर्सव्हिल, सोमवार, दुपारचे दोन

तीर्थरूप थर्मनमामा यांस,

भाचा रेफर्ड याचा टोपी हातात घेऊन नमस्कार. खुब्याचं दुखणं कसं आहे? तुमची लेक लोरीनताई फोनवर म्हणाली की तुम्ही आता काठी न घेता फाटकापर्यंत जाता आणि काठी घेऊन तिच्या नवऱ्याच्या अंगावर जाता, म्हणजे दुखण्याला उतार पडला असं आम्ही समजतो. तिच्या हातचा मक्याचा पाव पोटात जातोय ना? (चॅटनूगाला राहायला गेल्यापासून ती त्यात साखर घालते, जे आपल्याकडे पाप समजतात, हे सगळ्या नात्यागोत्यात माहीत आहे, फक्त तिला कोणी सांगत नाही. तुम्हीही सांगू नका, सहा तारखेपर्यंत तिथेच जेवायचं आहे.)

इकडील सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे. इकडे तुमचा कुत्रा क्षेम आहे. बाकीचं सांगायला मी तीन दिवस कागद घेऊन बसतोय आणि तीन दिवस हवापाण्याच्या पुढे जात नाही. तोंडावर सांगायची हिंमत नाही, फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि लोरीनताईला मध्ये घालून ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. तेव्हा बसून वाचा, आणि काठी जरा लांब ठेवा.

गेल्या जानेवारीत तुम्ही मला मामीच्या स्वयंपाकघरात बोलावलंत ते आठवत असेल. नाताळचं झाड दारात पडलेलं, त्याच्या बुंध्याला सिमेंटचा ठोकळा बांधायचा होता आणि तो तुमच्याच्याने उचलवत नव्हता. मामी असती तर तिने एका बाजूने धरलं असतं. ती गेल्यानंतरचं ते पहिलं झाड. चौतीस वर्षं तुम्ही दोघं नाताळ संपला की ते झाड होडीत घालून कुठे घेऊन जायचात हे मला नेहमी कोडं होतं. तुम्ही म्हणालात, बायबलवर शपथ घ्यायची आपल्यात पद्धत नाही, तेव्हा नेव्हाच्या बिडाच्या तव्यावर हात ठेव. मी मामीच्या तव्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली की ती जागा कोणाला दाखवणार नाही. मग तुम्ही मला होडीतून सरोवरातल्या त्या बेटाभोवती तीन वेळा फिरवलंत (मी तुमचा सख्खा भाचा, बावीस वर्षं याच पाण्यावर परगावच्या लोकांना बास मासे धरायला नेऊन पोट भरतो, तरी तीन वेळा) आणि मग त्या जागी नेलंत. पाण्याखाली चौतीस झाडं, आणि त्यांच्या फांद्यांत सरोवरातले सगळ्यात मोठे बास नातवंडांसारखे खेळत असलेले. मामी प्रत्येक झाडावर एक तरी दागिना मुद्दाम ठेवायची, झाड अगदीच उघडंबोडकं पाण्यात जाऊ नये म्हणून. त्या दिवशी तुम्ही तिने कपड्यांच्या लाकडी चिमट्याची केलेली परी ठेवलीत, लेसचा झगा घातलेली. ठोकळा मी सोडला.

ती जागा मी दाखवली, मामा. हे एकदा लिहून टाकलं म्हणजे पुढचं लिहिता येईल.

झालं असं. गेल्या गुरुवारी ओहायोचे एक दंतवैद्य, डॉक्टर पिलार्स्की, आणि त्यांच्या पत्नी जोआनबाई माझ्या होडीवर यायचे होते. माणसं इतकी सभ्य की पहाटे पाचला धक्क्यावर माझ्याआधी हजर. आता दंतवैद्यासमोर माणूस उगाच तोंड जास्त उघडतो की काय कोण जाणे, पण मी ट्रेलर मागे घेता घेता त्यांना व्याख्यान द्यायला लागलो की या धंद्यात गाढव कोणाला म्हणायचं, तर होडीच्या बुडाचं बूच न लावता जो होडी पाण्यात सोडतो त्याला. एका गृहस्थाने असं कसं केलं, त्याची होडी कशी तळाला बसली, तो अजून चर्चमध्ये मागच्या बाकावर कसा बसतो, सगळं हातवारे करून सांगितलं. तेवढ्यात होडीत बसलेल्या जोआनबाईंनी अगदी हळू विचारलं, "पाणी होडीच्या आतही असतं का हो?" बूच माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

बाकी काय झालं ते तुम्हाला चॅटनूगापर्यंत कळलं असेलच, कारण धक्क्यावर हॉइट स्पार्कमन कॉफीचा पेला घेऊन उभा होता. माझ्याहून दहा वर्षं जुना गाइड, आणि माझी फजिती बघायला तो दाढी करून येतो. तो हसला नाही. नुसता म्हणाला, "रेफर्ड, देव तुझं भलं करो." (आपल्या आळीत हे वाक्य कसल्या गाढवाला उद्देशून म्हणतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.)

पाणी उपसण्यात सकाळचे दोन तास गेले, आणि मासा लागायचा तो त्याच दोन तासांत. पुढे दुपारपर्यंत मी सगळ्या खाड्या, सगळे गवताचे पट्टे, पुलाचे खांब पालथे घातले. एक नाही. जोआनबाईंनी डब्यातून केळं काढून खाल्लं तेव्हा मला जरा बरं वाटलं, कारण होडीवर केळं म्हणजे अपशकुन आणि दोष कोणावर तरी ढकलता आला. पण मग त्या म्हणाल्या, "मासा नाही लागला तरी चालेल, आम्हाला नुसतं पाणी बघायलाही आवडतं." मामा, त्या बाईने शिव्या दिल्या असत्या तर मी पचवल्या असत्या. बावीस वर्षं माझ्या होडीवर कोणी नुसतं पाणी बघायला आलेलं नाही.

मी होडी वळवली. शपथ अगदीच विसरलो असं नाही. दोघांचे फोन घेऊन सँडविचच्या बर्फात ठेवले. दोघांच्या डोक्यावर टॉवेल घातले, "उन्हाचा त्रास होतो" असं सांगून. बेटाभोवती तीन नाही, पाच फेऱ्या मारल्या. जागेवर पोचून टॉवेल काढले तर डॉक्टर आजूबाजूला बघून म्हणाले, "म्हणजे आपण त्या पाण्याच्या पांढऱ्या टाकीच्या बरोबर समोर आलो."

अर्ध्या तासात पाच बास लागले. पाचही असे की डॉक्टरांना दोन हातांनी धरावे लागले. मी फोन बर्फातून काढून दिले, जोआनबाईंनी फोटो काढले, मी सगळे मासे परत सोडले, आणि खोटं कशाला बोलू, त्या अर्ध्या तासात मी स्वतःला सरोवराचा राजा समजत होतो. सहाव्या वेळी डॉक्टरांच्या गळाला मासा लागला नाही. परी लागली.

झगा शेवाळाने हिरवा झालेला, पण मामीने शाईने काढलेले डोळे तसेच. जोआनबाईंनी ती गळातून अलगद सोडवली, रुमालाने तिचं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "ही कोणाची?" मी म्हणालो, "सरोवरात काय काय सापडतं, बाई. लोक काहीही टाकतात." जागा दाखवल्याची लाज आहेच, पण हे वाक्य मला जेवू देत नाही. जिने मला लहानपणापासून भट्टीतली मऊ गरम बिस्किटं आणि वर ग्रेव्ही खाऊ घातली, तिला मी 'लोक' म्हणालो.

संध्याकाळी डॉक्टरांनी फोटो साऱ्या जगाला दाखवला. पुढे मासा, मागे टाकी. मी शनिवारी उजाडताच तिकडे गेलो, मनात हिशेब असा की आता तिथे चर्चच्या सहलीइतकी गर्दी असणार. पाच होड्या होत्या. पाचही आपल्याच लोकांच्या, इंजिनं बंद, आणि एकाच्याही गळाची दोरी पाण्यात नाही. गाइड लोक शनिवारी सकाळी दोरी न टाकता बसलेत हे दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. एवढ्यात जॉर्जियाची एक होडी फोनमध्ये बघत बघत आली. हॉइटने आपली होडी आडवी घातली आणि त्यांना सांगितलं की इथे खाली नुसती झाडांची खोडं आहेत, कालच त्याच्या इंजिनाचा पंखा मोडला. ते गेले. मग तो माझ्याजवळ आला.

"फोटो कोणाच्या होडीवरचा ते कळलं आम्हाला," तो म्हणाला. "दंतवैद्याच्या कोपराशी तुझी टोपी दिसते."

मी म्हणालो, "तुम्हाला जागा कशी कळली?"

"तेवीस वर्षं झाली. नेव्हाने चर्चच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना माझ्या बायकोला सांगितलं. वर म्हणाली, थर्मनला कळू देऊ नका, त्याला वाटतं कोणालाच माहीत नाही, आणि असं वाटलं की तो आठवडाभर खुशीत असतो. पुढच्या रविवारपर्यंत साऱ्या धक्क्याला माहीत. तेव्हापासून इथे कोणी गळ टाकलेला नाही, रेफर्ड. मासा लागेना म्हणून पोरं उपाशी राहायची पाळी आली त्या साली सुद्धा नाही. तू पहिला."

या वेळी तो 'देव तुझं भलं करो' म्हणाला नाही, आणि म्हणाला असता तर बरं झालं असतं. टाकी तर हलवता येत नाही, म्हणून या महिन्यात त्यांनी पाळ्या लावून घेतल्या आहेत, रोज एकजण सकाळचं गिऱ्हाईक सोडून तिथे बसतो. मला पाळी दिली नाही. मी बसायला तयार होतो.

तुम्ही मला बोला, मारा, होडीच्या बाजूला लिहिलेलं 'थर्मनचा भाचा' खोडून टाका. मला वाईट वाटणार नाही असं नाही, पण तोंड उघडणार नाही. लोरीनताईस व मुलांस सप्रेम. काठी सांभाळून वापरा.

तुमचा, अजून तोंड दाखवायच्या लायकीचा नसलेला,
रेफर्ड

ता. क. परी माझ्याकडे आहे. जोआनबाईंनी ती रुमालात गुंडाळून होडीच्या बाकावर ठेवली होती, आत चिठ्ठी, 'जिची असेल तिला द्या.' धुवायचा धीर होत नाही. परत पाण्यात सोडायची की तुमच्याकडे द्यायची ते कळवा. तोवर ती तुमच्या घरी मामीच्या तव्याशेजारी ठेवली आहे, आणि मी त्या खोलीत कमी जातो.

ता. क. दुसरा. हे सारं एका दिवसात घडलं असं वर वाटतं. त्या जागी मी आधीही एकदा एकटा गळ टाकायला गेलो होतो. हॉइट म्हणतो तीनदा. हॉइटचं बरोबर आहे.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. सगळ्यांना माहीत आहे हे तुम्हाला सांगायचं नाही अशी हॉइटने शनिवारी माझ्याकडून शपथ घेतली. त्याच्या बायकोच्या तव्यावर. (घरी नेऊन घेतली, तिच्यासमोर.) म्हणजे दोन तवे झाले, मामा, आणि दुसरा तर दोन दिवसही टिकला नाही. तेव्हा माझ्यासाठी एवढं करा, तुम्हाला काहीच माहीत नाही असं दाखवा. सहा मेला मामीचा वाढदिवस. दरवर्षीसारखे पहाटे या, टोपी डोळ्यांवर ओढा, कोणी विचारलं तर 'जरा पाण्यावर जाऊन येतो' म्हणा, बेटाभोवती तीन फेऱ्या मारा. धक्क्यावरची माणसं दुसरीकडे बघतील. तेवीस वर्षं बघतायत. त्या दिवशी मला त्यांच्या रांगेत शेवटी कुठेतरी उभं राहून दुसरीकडे बघू द्या.