झेबाच्या वाट्याची वाक्यं

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर.
कोजागरीनंतरचा मंगळवार

जिवलग मित्र, दौलताबादकर इलियास यास,

सांडूचा साष्टांग नमस्कार आणि त्याला जोडून सलाम. (एरवी एकावर भागवतो, आज दोन्ही का, ते खाली येईल.) तुझा गुडघा कसा आहे? दुकानात खुर्ची असताना पोत्यावर बसायची सवय सोडलीस का? भाभींचा खोकला, बागेतली सीताफळं, सगळं खुशाल असावं. इकडे मी ठीक आहे. म्हणजे तब्येतीनं ठीक आहे.

फोन का केला नाही, असं तू विचारशील. नंबर लावला होता, पण तू 'बोल रे' म्हणालास की माझं बोलणंच संपतं, म्हणून वाजायच्या आत बंद केला. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मध्ये बोलता येत नाही. (हीच माझी खोड, आणि तीच या वेळी नडली.)

तुझी सीताफळांची टोपली पोचली. रिक्षावाल्यानं निरोपही दिला, की सांडू या वयात जर्मन पास झाला, त्याचं तोंड गोड करा. आणि आमची झेबा घाबरून गप बसली अन् नापास झाली, तिला दोन शब्द हिमतीचे सांगा. इलियास, ती टोपली दाराआड आहे. फळं पिकली, उकलली, घरभर वास सुटला, पण मी एकालाही हात लावलेला नाही. कारण तुझी नात घाबरली नव्हती. तिला कुणी बोलू दिलं नाही. कुणी, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मुळापासून सांगतो. (मला मधून सांगता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.) जिल्हा परिषदेच्या आवक-जावक टेबलावरून निवृत्त झालेल्या माणसानं काय करावं, याबद्दल प्रत्येकाला मत असतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला काम द्या. बागेतले लोक हास्यक्लबात ओढत होते, पण विनोद झाल्याशिवाय हसणं मला जमत नाही. अशात एका दुपारी चष्म्याची काडी बसवून घ्यायला उस्मानपुऱ्यात गेलो, तर वरच्या मजल्यावरून पोरांचा एका सुरातला आवाज आला. एकजण पुढं म्हणतोय, बाकीचे मागून म्हणताहेत. शब्द एक कळला नाही, पण तो आवाज! आपली पत्र्याची शाळा, खिडकीत किल्ला, गुरुजींची छडी टेबलावर ताल धरतेय आणि आपण डुलत डुलत कविता म्हणतोय. माझे पाय आपोआप जिना चढले. वर गेल्यावर कळलं, हा जर्मन भाषेचा वर्ग. चिनी असता तरी मी बसलो असतो. (काडी अजून दोऱ्यानंच बांधलेली आहे.)

वर्गात बहुतेक नर्सिंग झालेल्या मुली, तिकडच्या दवाखान्यांत नोकरीला निघालेल्या. त्यांना ती भाषा पोटासाठी हवी होती, मला हौशीसाठी. शिकवणारे प्रणयसर माझ्या धाकट्याहून लहान. त्यांनी प्रश्न विचारला की मी हात मागं बांधून उभा राहायचो. ते म्हणायचे, "काका, बसूनच बोला." बसून कधी कुणाला पाठ आलंय का? तिथंच तुझी झेबा भेटली. "या अल्ला, सांडूनाना, तुम्ही?" असं म्हणून तिनं दप्तर उचलून शेजारी जागा केली.

प्रणयसर रोज बजावत, पाठ करू नका, बोला. मी मनात म्हणायचो, पोरगं आहे. मी धड्यांना चाली लावल्या. भाजी आणणं पाळण्याच्या चालीवर, डॉक्टरांची वेळ मागणं आरतीच्या चालीवर, आणि सगळ्यात लांब जो धडा, आजारी मैत्रिणीला भेटायला जायचा, तो आपल्या ओढ्याच्या कवितेच्या चालीवर. (रेल्वेचं तिकीट कुठल्याच चालीत बसेना; ते मला अजून येत नाही.) संभाषणं दोघांची असतात, पण मी दोघांचंही पाठ केलं, कारण कविता अर्धी पाठ करायची नसते हे गुरुजींनी आपल्या तळहातांवर कोरून ठेवलंय. गच्चीवर येरझाऱ्या घालत म्हणायचो. एकदा खाली आलो तर दूध उतू चाललेलं. ते जर्मनमध्ये कसं सांगावं हे मी जुळवत उभा राहिलो, तोवर गेलं. आमच्या सौभाग्यवती चतुराबाई म्हणाल्या, "लई शिकलात. आता मराठीत शेगडी पुसा."

तोंडी परीक्षा जोडीनं असते. विषय निघतो, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. माझ्याबरोबर बसायला कुणी तयार होईना. (मुली माझ्याकडे आदरानं बघत आणि आदरानंच लांब सरकत.) झेबानं हात वर केला. "सर, नाना अकेले कायकू? मैं बैठती ना उनके साथ." तुझं रक्त, दुसरं काय.

परीक्षेला एक जर्मन बाई आणि एक पुण्याचे सर होते. विषय निघाला आजारी मैत्रिणीचा. इलियास, ओढ्याची चाल! मी उभा राहिलो, हात मागं बांधले आणि सुरू झालो. विचारलं, फुलं न्यायची का? आता त्या चालीत तिथं श्वासाला जागा नाही हे तू जाणतोस. झेबानं तोंड उघडलं तोवर उत्तरही मीच दिलं होतं, नको, फळं नेऊ. कोणती, हे मीच विचारलं. सफरचंदं, हे मीच सांगितलं. महाग आहेत, ही कुरकुरही मीच केली. झेबा खालून माझा सदरा ओढत होती. जर्मन बाईंची पेन्सिल टेबलावर टकटक वाजत होती. मला वाटलं, ताल धरताहेत. शेवटी झेबा हळूच म्हणाली, "नाना, मला बी बोलू द्या ना." त्यानं मी अडखळलो. आणि अडखळलो की मला पहिल्यापासून घ्यावं लागतं. घेतलं. माझं नाव सांडू, मी पुंडलिकनगरात राहतो, इथपासून. वेळ संपली. शेवटचं 'डांके', म्हणजे धन्यवाद, तेवढं तिच्या वाट्याला आलं. तेही माझा दम संपला म्हणून.

सदरा ओढला म्हटल्यावर तुला काय आठवलं असेल ते मला कळतंय. शाळेच्या संमेलनात हीच ओढ्याची कविता आपण आळीपाळीनं म्हणणार होतो. तिसरं कडवं, पाखराचं, तुझं होतं. तुझी अम्मी पहिल्या रांगेत बसलेली, तू मागून माझा सदरा ओढतोयस, आणि मी तुझं कडवं म्हणून मोकळा. तेव्हापासून पंगतीला बसलो की तुझं ठरलेलं, "ह्याला आधी वाढा रे, नाय तर माझ्याबी ताटातलं खाईल." सगळे हसतात, मीही हसतो. या वेळी हसू आलं नाही. खरं तर काय केलं तेच मला उशिरा कळलं. परीक्षेतून बाहेर पडल्यावर मी तुझ्या नातीला विचारलं, "कसं झालं?" म्हणजे माझं कसं झालं. ती म्हणाली, "लई छान, नाना." मग नळावर जाऊन पुष्कळ वेळ पाणी प्यायली.

निकाल लागला. माझ्या उच्चारांचं आणि ओघाचं कौतुक. झेबा लेखीत वर्गात पहिली, तोंडीत नापास. शेरा, उमेदवार बोलली नाही. मी वर्गात पेढे वाटले. तिलाही दिला. तिनं घेतला, खाल्लासुद्धा. मग प्रणयसरांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "काका, तिचं सगळं तुम्हीच बोललात हो." जर्मनीतल्या एका दवाखान्यानं तिला निवडलंय, बाकीच्या मुली दिवाळीनंतर निघताहेत, दाखला नसेल तर हिची जागा जाईल. जोडीदारानं बोलू दिलं नाही असं तिनं लिहून दिलं, तर पुन्हा परीक्षा घेतात. सरांनी तिला तसं सुचवलंही. ती म्हणाली, मग नानांचा निकाल रद्द होईल, राहू द्या. आणि घरी जाऊन तुला सांगितलं, मी घाबरले.

हे मी चतुराबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पोरीच्या तोंडचा घास खाल्ला. आता तिच्या आज्याची सीताफळं बी खा." तेव्हापासून टोपली दाराआड आहे.

तिला रागावू नकोस. मला काय म्हणायचं ते म्हण, मी मध्ये बोलणार नाही. भाभींना सलाम, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
सांडू

ता. क. (पत्र टाकायचं राहिलं, आज गुरुवार.) तिनं लिहून दिलं नाही, म्हणून काल मी दिलं. माझा निकाल रद्द झाला. तेव्हा ती सीताफळं आता कुणा पास झालेल्याची नाहीत. चतुराबाई म्हणतात, मग खायला हरकत नाही. दोन खाल्ली. गोड आहेत.

आणखी ता. क. एक सांगायचं राहिलं. (राहिलं नाही, टाळत होतो.) पुन्हा परीक्षा घेतात ती त्याच जोडीची, असा नियम आहे. म्हणजे पुढच्या आठवड्यात झेबासमोर पुन्हा मीच. ती म्हणते, "नाना, तुम्ही फक्त विचारा, अन् थांबा." विचारणं येतं. थांबण्याची चाल मला कुणी शिकवलेली नाही.

शेवटचा ता. क. म्हणून शनिवारी झेबाबरोबर तूही ये. गच्चीवर बसू. मी ओढ्याची पहिली दोन कडवी म्हणेन आणि गप्प राहीन. तिसरं तू म्हणायचंस. माझे ओठ हलले तर सदरा ओढू नकोस, सरळ चिमटा काढ. पाखराचं कडवं विसरला असलास, तर आठवत बस. मला येतं, पण मी सांगणार नाही. थांबेन.