मी ‘मले’च म्हणणार

बाई, मी परत शिकायला लागले आहे. एकोणपन्नासाव्या वर्षी, विशीतल्या पोरींच्या शेजारी बाकावर बसून, बालवाडीची शिक्षिका होण्याचा एक वर्षाचा कोर्स करते आहे. वर्गात सगळ्या मला काकू म्हणतात. हे तुम्ही शाबासकी द्यावी म्हणून सांगत नाही, तुमच्याशी भांडायचं आहे म्हणून सांगते आहे. परवा माझा सराव पाठ नापास झाला, आणि त्याचं कारण तुम्हाला ऐकताक्षणी पटेल. शिक्षिकेची भाषा अशुद्ध.

आठवून बघा, मी तुमच्या वर्गात पहिलीत आहे. तुम्ही फळ्यावर बेरजा लिहिताय. मी उभी राहून म्हणते, ‘बाई, मले सू लागली.’ तुम्ही मागे न वळता म्हणता, ‘मले नाही, मला. नीट वाक्य बोल, मग जा.’ आता आमच्या घरात जन्मात कोणी ‘मला’ म्हटलेलं नव्हतं. मी ते नीट वाक्य शोधत उभी राहिले आणि तेवढ्यात पायाखालची फरशी ओली झाली. तुम्ही रागावला नाहीत. उलट मला मागच्या खोलीत नेलंत, माझा फ्रॉक स्वतः धुऊन पिळून दिलात. तुम्ही चांगल्या होता, तीच तर अडचण आहे. दोन रट्टे घातले असते तर मला तुमचा रागराग करून मोकळं होता आलं असतं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही, आणि उघडलं तेव्हा ‘मला’ म्हणाले.

चौथीत भाषणाचं पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा तुम्ही मला तुमचं शाईचं पेन दिलंत आणि म्हणालात, ‘आता तुझ्या तोंडून तुझं घर कळत नाही.’ मी ते कौतुक म्हणून घेतलं. आई घरी भाकरी थापत होती, तिलाही ते वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘असं म्हनल्या का बाई?’ आणि पुढची भाकरी थापायला घेतली. तिच्या जिवाला काय वाटलं असेल ते मला इतक्या वर्षांनी कळतं आहे. तुमच्या त्या भाषेवर मला बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत काम मिळालं, हे मी नाकारत नाही. वीस वर्षं मी तिथं बसले. ‘उमरेडकडे जाणारी बस फलाट क्रमांक चारवर उभी आहे.’ एकही चूक नाही. पण भिवापूरच्या बायका खिडकीशी येऊन ‘आमची गाडी कोठी लागते वं?’ असं विचारायच्या, मी शुद्ध मराठीत उत्तर द्यायचे, त्या मान डोलवायच्या आणि जाऊन चहावाल्याला परत विचारायच्या. पुढे तिथं रेकॉर्ड केलेला आवाज लागला आणि माझी गरज संपली.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी भेटायला आले होते, आठवतं? तुम्ही सावनेरच्या आहात हेच मुळात मला त्या दिवशी कळलं. तुमची थोरली बहीण उशाशी बसली होती. तुम्ही डोळे मिटूनच तिला म्हणालात, ‘मले पानी दे वं, घसा कोरडा पडून राहिला.’ मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत. मी ऐकलं हे तुम्हाला कळलं, आणि तुम्ही तोंड भिंतीकडे वळवलंत. बाई, मरणाच्या दारात तहान ज्या भाषेत लागते ती भाषा अशुद्ध कशी?

तर पाठाचं सांगते. सरावासाठी मला जी बालवाडी मिळाली आहे तिथं नवीनच आलेली चार वर्षांची एक मुलगी आठ दिवस काहीच बोलत नव्हती. मुकी आहे का, इथपर्यंत चर्चा गेली. परवा माझा भाज्या ओळखण्याचा पाठ होता आणि आमच्या कॉलेजच्या मॅडम मागे वही घेऊन बसल्या होत्या. मी पिशवीतून लाल मिरची काढली, आणि ही पोर ताडकन उठली. ‘माही माय हे खुडते. डोयाले हात नाही लावाचा, तुले झोंबन.’ मी म्हणाले, ‘मले झोंबन? मंग काय करू वं मी?’ झालं! मिरचीचे देठ कसे खुडायचे, हात कशाने धुवायचे, माय रात्री हाताला काय लावते, सगळं तिने मलाच शिकवलं. अख्खा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. मॅडमनी शेरा लिहिला, ‘प्रमाण भाषेचा अभाव. पाठ पुन्हा घ्यावा.’

मी त्यांना म्हटलं, ‘मॅडम, मुलगी बोलली ते लिहिलंच नाही तुम्ही.’ त्या म्हणाल्या, ‘मुलं शिक्षकांचं ऐकूनच शिकतात. तुम्हीच असं बोललात तर ती पुढे कशी जाणार?’ हुबेहूब तुम्ही. गुरुवारी पाठ पुन्हा आहे, आणि त्यात नापास झाले तर प्रमाणपत्र नाही, म्हणजे नोकरी नाही. सोबतच्या पोरी समजावतात, ‘काकू, काहून अडून राहिल्या? एक दिवस शुद्ध बोला नं, काय जाते तुमचं?’ माझं काही जात नाही. त्या मुलीचं जातं. मी नवीन पाठ टाचण लिहून काढलं आहे, आणि त्यात माझ्या तोंडचं प्रत्येक वाक्य ‘मले’सकट आहे तसंच ठेवलं आहे. ‘मला’ ती शिकेलच, पहिलीत, दुसरीत, कुठंतरी. त्यासाठी तिला आधी ‘मले’ गिळायला लावायचं नाही. पुन्हा नापास करायचं तर करोत.

हे पत्र पेटीत टाकायचं नाही, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. पण एक गोष्ट मी मॅडमना सांगितली नाही आणि पोरींनाही नाही. बालवाडीतल्या माझ्या पहिल्याच दिवशी ती मुलगी माझ्या साडीला धरून म्हणाली होती, ‘म्याडम, मले पानी पाह्यजे.’ आणि मी हातातल्या खडूकडे बघत म्हटलं होतं, ‘मले नाही बाळा, मला.’ ती आठ दिवस गप्प होती ती त्यानंतर. आवाज तुमचा होता बाई, पण तोंड माझं होतं.