भावाला बाहेर बसवण्याबाबत

प्रति,
माननीय वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : भावाच्या मारहाणीविषयी बहीण सांगत असताना भावाला खोलीबाहेर बसवण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे डावे मनगट.

महोदय,

१. अर्जदार ही आवक-जावक विभागातून निवृत्त झालेली लिपिक असून थोरल्या भावासोबत वडिलांच्या घरात राहते. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या तक्रारींवर शिक्के मारले. स्वतःची तक्रार लिहिण्याची ही पहिलीच वेळ. भाषेत अधिक-उणे झाल्यास सांभाळून घ्यावे.

२. गेल्या महिन्यात मनगट सुजल्याने अर्जदार आपल्या हाडांच्या विभागात आली. तेथील तरुण डॉक्टर गुणी, हात हलका. "कशानं झालं, आजी?" असे त्यांनी विचारले. अर्जदाराने धीर एकवटून सांगितले, "भावानं पिरगाळला. नेहमीचंच आहे." डॉक्टर हसले. "भावंडांत चालायचंच. माझी ताई तर मला अजून चिमटे काढते," म्हणाले. त्यांच्या ताईंविषयी अर्जदाराची काही तक्रार नाही.

३. पुढे डॉक्टरांनी जे केले ते कार्यालयीन शिस्तीला धरूनच होते, हे मान्य करावे लागेल. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच ती खुलाशासाठी पाठवायची, ही रीत अर्जदाराच्या कचेरीतही होती. खुलासाही ठरलेला असे : तक्रारीत तथ्य नाही. तर भावाला आत बोलावण्यात आले. "काय हो आजोबा, बहिणीला मारता म्हणे?" भाऊ बोलायला साखर. त्याने अर्जदाराच्या डोक्यावरून हात फिरवला. "शेंडेफळ आहे आमचं! लहानपणापासून कांगावा करते." खोलीत हशा पिकला. भावाला खुर्ची मिळाली, वर चहा मिळाला. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असे आयाबाईंनी दारातूनच सांगितले. अर्जदारही हसली. हसली नसती तर घरी गेल्यावर त्याचाही जाब द्यावा लागला असता.

४. तो तसाही द्यावा लागला. चार लोकांत तोंड उघडल्याबद्दल तेच मनगट या खेपेस मोडले. पुन्हा आल्यावर डॉक्टरांनी कारण विचारले, तेव्हा भावानेच सांगितले, "न्हाणीत घसरली." अर्जदाराने होकारार्थी मान हलवली. उभ्या आयुष्यात एकदाच कुणाला सांगितले आणि ते चेष्टेवारी गेले, याचे तिला मनगटाहून जास्त दुःख आहे.

५. सबब विनंती की, "भावंडांत चालायचंच" हे वाक्य आपल्या रुग्णालयाच्या वापरातून बाद करावे. भांड्याला भांडे लागते हे अर्जदारही जाणते. पण इथे दरवेळी एकच भांडे चेपते आहे. सांगणारे बालवाडीतले असो की साठीपुढचे, त्याला एकट्याला बसवून ऐकावे, खरे मानावे, त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे, आणि ही गोष्ट पुढे कुणाला कळवणार ते त्याला आधी सांगावे. "आज घरी जायला भीती वाटते का?" एवढेही विचारावे. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, आणि मंजुरीही लागत नसावी. भावाला बाहेर बसवावे. बाहेर बाक आहे, पंखा आहे. चहा तिथे दिल्यास अर्जदाराची हरकत नाही.

६. या अर्जाचे उत्तर टपालाने पाठवू नये. टपाल भाऊच फोडतो. अर्जदार येत्या सोमवारी प्लॅस्टर दाखवायला येणार आहे. सोबत तो असेलच. त्याला बाहेर ठेवून फक्त दार लावून घ्यावे. तेच उत्तर मिळाले असे अर्जदार समजेल, आणि या वेळी ती सगळे सांगेल.

आपली नम्र,
(सही, उजव्या हाताची)
निवृत्त लिपिक, आवक-जावक
दिनांक : सोमवारच्या आत पोचेल असा

सोबत :
१) डाव्या मनगटाचा एक्स-रे, चहाच्या आधीचा.
२) त्याच मनगटाचा एक्स-रे, चहानंतरचा.