अठरा तोळ्यांची ठेव

मी, सत्यभामा देवाजी लांजेवार, वय सहासष्ट, राहणार आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाविना हे लिहून ठेवते. रागात आहे, पण वेडी नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

१. राहते घर आणि तलावाखालची एक एकर धानाची बांधी मुलगी दामिनी हिला. बांधी ठेक्याने दिलीच तर ठेका धानातच घ्यावा, रुपयांत कधीच नाही. रुपया घरात बसून झिजतो.

२. बँकेतली मुदत ठेव, तीन लाख. २००६ साली माझ्या यजमानांनी, मी आडवी पडले तरी, दुसरी बांधी ऐंशी हजारांना विकून ती माझ्या नावे केली. तेव्हा त्यात नऊ तोळे सोने येत होते. दहा वर्षांत दुप्पट, म्हणून दामिनीच्या लग्नाच्या बैठकीत हे बोलून बसले, "पोरीले अठरा तोळे भेटतीन." रक्कम दुप्पट झाली, पण सोने तिपटीवर गेले. सहा तोळेही येईनात. तोवर हे वारले होते.

जावई चंद्रकुमार, राहणार लाखनी, म्हणाला, "बाकीचे बारा तोळे कुठी लपवले?" आणि माझ्या ओसरीवर दामिनीचे डोके खांबावर आपटले. तिचा डावा कान कायमचा गेला. मी मुसळाने त्याचे मनगट मोडले. पोलिसांनाही हेच सांगितले. डोक्यात हाणायला हवे होते.

दामिनी तेव्हापासून माझ्याजवळ आहे, आणि ती रक्कम पुन्हा बँकेत; तिचेच आज तीन लाख झाले. तो अजून पिऊन येतो, फाटकाला लाथा घालतो. "बुढी मेली का बांधी माही, अन् तुलेही कापतो," असे ओरडतो.

३. म्हणून ती ठेव मी चंद्रकुमारलाच देते. दामिनी म्हणाली, "माय, त्याले एक पैसाही नोको देऊ." बाई, तुझ्या जिवासाठीच देते.

माझा भाऊ परसराम याने ती रक्कम पुन्हा दहा वर्षे बँकेत ठेवावी. दरवर्षीचे व्याज दामिनीला. चंद्रकुमारने बांधीवर हक्क नसल्याचे लिहून द्यावे आणि दहा वर्षे आसगावात पाय ठेवू नये. ठेवला तर सगळे दामिनीचे. नाही ठेवला तर पूर्ण तीन लाख त्याचे, एक रुपया कमी नाही. ते घेऊन त्याने सराफाकडे जावे, किती सोने येते ते विचारावे, आणि बाकीचे कुठी लपवले म्हणून सराफाला मारून पाहावे.

४. मुसळ दामिनीला. दाराच्या उजव्या बाजूला ठेवावे. त्या बाजूच्या कानाने तिला ऐकू येते.

वाचून, समजून अंगठा न देता सही करते.

सत्यभामा देवाजी लांजेवार

साक्षीदार: परसराम गोमा भुरे, पुष्पाबाई श्रावण गभणे
आसगाव, १४ नोव्हेंबर २०२५